चार बोटं दुमड

कारखान्यात आल्या की पर्स ठेवायच्याही आधी काकू कालचे कापलेले तुकडे उलटून बघायच्या. दुमड बघायच्या. बावीस वर्षांची खोड ती, सहजासहजी जाते थोडीच.

कारखाना शाळेच्या गणवेशांचा. दुसरं तिथे काही शिवत नसत, आणि मालकांना त्याचा भारी अभिमान. तयार मापाचे कपडे कुणीही विकतं, इथे एकेका पोराचं माप घेऊन शिवायचे. पण आया लांबून चालत यायच्या त्या मापासाठी नाही, दुमडीसाठी. फ्रॉकच्या किंवा पँटच्या खालच्या कडेला आत दुमडून ठेवलेलं जादा कापड म्हणजे दुमड. पोर वर्षभरात वाढलं की आईने तोच कपडा घेऊन यायचं, काकूंनी शिलाई उसवायची, दुमड खाली सोडायची आणि कपडा पुन्हा अंगाला बसवून द्यायचा. कुणाची दुमड किती सोडली हे एका जाड वहीत लिहायचं. हा रिवाज मालकांच्या वडिलांपासूनचा.

कुणाला किती दुमड ठेवायची हे मात्र एकटे मास्तर ठरवायचे. मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. पोराला समोर उभं करायचे आणि टेपला हात लावायच्या आधी त्याची मनगटं बघायचे, टाचा बघायचे, कानाच्या पाळ्या बघायचे, बाप बरोबर असला तर त्याच्या बुटांकडेही एक नजर टाकायचे. मग खडू उचलून म्हणायचे, “पाच बोटं.” पुढच्या वर्षी दुमड सोडली की कपडा जिथे बसायला हवा तिथेच बसायचा. शिवणाऱ्या बाया तोंडात बोट घालायच्या. मास्तर म्हणायचे, त्यात काय आहे, नीट बघितलं की दिसतं.

मग मास्तरांना नीट दिसेनासं झालं. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात हाताला कंप. मालकांनी मशीन आणलं. मास्तर निवृत्त व्हायच्या आधीचं अख्खं एक वर्ष त्या मशीनचा डोळा, म्हणजे कॅमेरा, त्यांच्या टेबलावर टांगलेला होता. मास्तर कुठे बघतात, किती वेळ बघतात, खडू कधी टेकवतात, सगळं तो बघत राहिला. मास्तर घरी गेले आणि मशीन कापायला लागलं. आता मापाच्या खोलीत पोर एका पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहायचं, भिंतीसमोरचा डोळा त्याला बघायचा, आणि एक श्वास घ्यावा एवढ्या वेळात पलीकडच्या टेबलावर कापड कापून तयार. जिथून दुमडायचं तिथे पुसट निळी रेघही मारलेली. कापड सुताला सूत सरळ. बायांनी मशीनचं नाव ठेवलं धाकटे मास्तर. सकाळी दार उघडलं की त्याचा हिरवा दिवा आधीच लागलेला असायचा, आणि काकूंना उगाच वाटायचं की आपल्याला यायला उशीर झाला.

काकूंचं काम तपासणीचं. कापलेला तुकडा बघायचा, काही चुकलं असेल तर दुरुस्त करायचा आणि शिवायला पाठवायचा. त्यांच्याही टेबलावर एक डोळा बसवला होता.

“तुम्ही जे दुरुस्त कराल ते बघून ते सुधारेल,” जावई म्हणाला होता.

जावई म्हणजे मशीनचा इंजिनिअर. तो कुणाचाच जावई नव्हता, त्याचं लग्नही व्हायचं होतं. पण महिन्यातून एकदा यायचा, आला की खुर्ची पुसून द्यावी लागायची, चहा विचारावा लागायचा, आणि काम करायच्या आधी तो थोडा रुसायचा. म्हणून जावई.

“काय रे, काय खायला घालतोस त्याला?” काकूंनी एकदा विचारलं. “रोज हुशार होतंय.”

“त्याला काही कळत नाही, काकू. ते नुसते आकडे मांडतं. तुमच्या वहीतली वीस वर्षांची पोरं मी त्याला दिलीत. कोण परत आलं, कुणाची दुमड किती सोडली. त्यावरून अंदाज.”

“मास्तर तरी दुसरं काय करायचे?”

“मास्तर विचार करायचे.”

“म्हणजे नक्की काय करायचे?”

जावयाने चहावर फुंकर मारली. जावयाला उत्तर नसणं शोभत नाही, म्हणून तो जरा विचार करून म्हणाला, “हे बघा. माणूस एखाद्याचं मन राखायला खोटं बोलतो की नाही? त्यासाठी आधी खरं काय ते कळावं लागतं, मग समोरच्याला काय वाटेल ते कळावं लागतं, आणि मग त्याची दया यावी लागते. ज्या दिवशी हे मशीन कुणाचं मन राखायला खोटं बोलेल ना, त्या दिवशी मी त्यालाही काकू म्हणेन.”

सगळ्या बाया हसल्या. काकूही हसल्या.

त्याच दिवशी जावयाने मशीनमध्ये मालकांच्या सांगण्यावरून एक बदल केला. वहीत बघितलं तर कित्येक पोरं दुमड सोडून घ्यायला परत आलीच नव्हती. त्यांच्या दुमडीचं कापड वाया गेलं होतं. तर मशीनला सांगितलं, जी दुमड पुढे उपयोगी पडेल तेवढीच ठेव. सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

पुढे काही महिन्यांनी एक बाई आली. समोरचे दोन दात पडलेल्या एका मुलाची आई. काकूंना तो मुलगा आठवत होता, कारण माप देताना तो डोळ्याला दात दाखवत होता. बाईने पँट टेबलावर ठेवली. नवी कोरी म्हणावी अशी.

“ह्याच्या चुलतभावाला द्यायची आहे. तो उंच आहे. तेवढी दुमड सोडून द्या.”

काकूंनी पँट उलटी केली. आत शिलाईपुरतं अर्धं बोट कापड होतं. दुमड नव्हतीच.

“दुमड ठेवलेली नाही हिला,” काकू म्हणाल्या. “आणि भावाला का देताय? वर्ष कुठे झालं अजून?”

“तो गेला,” बाई म्हणाली. “हृदयात जन्मापासून दोष होता म्हणे. आम्हाला शेवटच्या आठवड्यात कळलं.”

काकूंच्या हातातली पँट हातातच राहिली. बाई मात्र पँटकडेच बघत होती.

“शेजारणीच्या मुलाचं माप त्याच दिवशी दिलं होतं. त्याच्या पँटला तीन बोटं आहे, मी बघितली उलटून. ह्याच्याच का नाही?” मग आवाज खाली आणून तिने विचारलं, “तुम्हाला माहीत होतं का?”

“नाही हो. मला काय माहीत असणार?” काकू म्हणाल्या. ते खरंच होतं, तरी बोलताना त्यांची मान वर होईना.

त्या महिन्यात जावई आला तेव्हा काकूंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. आधी पँटची गोष्ट सांगितली. त्याने मशीनपाशी बसून काय काय तपासलं आणि योगायोग आहे म्हणाला. घर बदलणारी पोरं परत येत नाहीत, शाळा बदलणारी येत नाहीत, मशीन अंदाज बांधतं, एखादा असा लागतो.

“काकू, मरण म्हणजे काय ते त्याला माहीतच नाही. त्याला एवढंच दिसतं की हा परत येणार नाही.”

“मग आपल्याला तरी त्याहून जास्त काय माहीत आहे रे?” काकू म्हणाल्या.

जावयाने चहा मागून घेतला, पण अर्धाच प्यायला.

तेव्हापासून काकू डोळ्यांत तेल घालून तुकडे बघायला लागल्या. महिनाभर काही नाही. सगळ्यांना दोन बोटं, तीन बोटं, एका लंबूटांग पोराला पावणेसहा. मग एक दिवस जुळ्या बहिणींचे फ्रॉक आले. मुली अशा की आईनेही रिबिनीवरून ओळखाव्यात. उंची तीच, कंबर तीच, चिठ्ठीवरचे आकडे एकाखाली एक लिहिलेले, एकसारखे. काकूंनी दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले. निळी रेघ थोरलीच्या फ्रॉकला तीन बोटं वर, आणि धाकटीच्या अगदी कडेला.

मुलींची आई कपडे न्यायला आली तेव्हा काकूंना राहवलं नाही. “धाकटीला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या हो,” त्या म्हणाल्या.

बाईचा चेहरा उतरला. “दाखवलंय. मोठ्या दवाखान्यात दाखवलंय. तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.”

काकू काय सांगणार होत्या? बाईने दोन्ही फ्रॉक पिशवीत घातले, पुन्हा बाहेर काढले, उलटे करून बघितले, आणि निघून गेली. काकूंना स्वतःचा एवढा राग आला की दुपारचा डबा त्यांनी न उघडताच परत नेला.

दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांकडे गेल्या.

मास्तर मुलीकडे राहत होते, तळमजल्यावर, खिडकीजवळच्या पलंगावर. काकूंच्या पावलांवरूनच त्यांनी ओळखलं. थोडी इकडची तिकडची चौकशी झाली, मग काकूंनी सगळं सांगितलं. पँटचं, जुळ्या मुलींचं.

“मास्तर, तुम्ही कधी बिनदुमडीचं कापलंत?”

“कधीच नाही.”

“मग ते हे कुठून शिकलं?”

मास्तरांची बोटं चादरीची कड चाचपत होती.

“माझा हात थांबायचा,” ते म्हणाले. “खडू टेकवायच्या आधी. थोडासाच. तुम्ही इतकी वर्षं शेजारी बसलात, तुम्हालाही कधी दिसलं नाही. अडतीस वर्षांत अकरा वेळा थांबला. पहिल्यांदा थांबला तेव्हा मला वाटलं, मलाच काहीतरी झालं. मग ते पोर गेल्याचं कळलं.”

“आणि तरी तुम्ही दुमड ठेवायचात?”

“वाढणाऱ्या पोरांना दोन, अडीच, पाच, जे काय असेल ते. पण हात थांबला की चार. मोठी दिसते. आई घरी गेल्यावर आधी दुमडच बघते, काकू. ती उलटल्यावर तिथे काही नसेल तर ती बाई काय करेल?”

काकूंना पँटवाली बाई आठवली.

“म्हणजे त्याने तुमचा हात थांबलेला बघितला,” त्या म्हणाल्या, “आणि पुढची चार बोटं बघितलीच नाहीत.”

“बघितली असतील की. तो डोळा टांगला होता त्या वर्षीही हात एकदा थांबला होता. पण त्याला ते वाया गेलेलं कापड वाटलं असेल.” मास्तर थोडे हसले. “मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. माझे मास्तर असं करायचे तेव्हा मी मनात म्हणायचो, म्हातारा कापड नासतो.”

“मग तुम्ही कसे शिकलात?”

“समोर बसून. ते करत राहिले, मी बघत राहिलो. सांगितलं कधीच नाही त्यांनी. हे सांगून कळतं का?”

परतताना काकूंचं ठरलं होतं. त्या दिवसापासून बिनदुमडीचा तुकडा आला की त्या त्याच कापडाची पट्टी कापायच्या, खालच्या कडेला जोडायच्या आणि दुमडून टाकायच्या. पट्टी चार बोटांची. टेप गळ्यात असायची, पण काकूंनी पट्टी कधी टेपने मोजली नाही. उजव्या टोकाला उजव्या हाताची चार बोटं ठेवायची, डाव्या टोकाला डाव्या हाताची, खूण करायची आणि कापायचं. आता काकूंच्या डाव्या हाताची करंगळी प्रेसखाली सापडल्यापासून वाळून बारीक झालेली. त्यामुळे त्यांची पट्टी डावीकडे दोन दोरे अरुंद यायची. मास्तर कारखान्यात होते तेव्हा चिडवायचे, काकूंची पट्टी डाव्या कुशीवर झोपते. आत दुमडली की कुणाला दिसायचं नाही, म्हणून काकूंनीही ते कधी मनावर घेतलं नाही.

एवढं मात्र त्यांनी केलं की हे काम सावकाश केलं. टेबलावरच्या डोळ्याखाली, हात आडवा येणार नाही असं. एखाद्या पोरीला पहिल्यांदा शिवण शिकवावी तसं.

“काकू, शिकवणी चालू आहे का?” बाया विचारायच्या.

“मग काय? धाकटे मास्तर दुमडीत कच्चे आहेत.”

असे नऊ तुकडे झाले. नवव्यानंतर बिनदुमडीचा तुकडा आलाच नाही. एक आठवडा गेला, दुसराही गेला. काकूंना बरं वाटलं. त्या म्हणाल्या, यंदा पोरं धडधाकट दिसतायत. जुळ्या बहिणींपैकी एकच आता शाळेला जाते हे त्यांच्या कानावर आलं होतं. ते आठवलं की त्या शिलाईत डोकं घालायच्या.

आणि घरी पिटुकली होती.

पिटुकली म्हणजे काकूंची नात, सहा वर्षांची. यंदा पहिलीत जायची होती. बोलायला लागली की घर डोक्यावर घ्यायची, पण गेले दोन महिने ती जिना चढताना मध्येच बसायची आणि म्हणायची, “मी जिन्याची राखण करते.” नडगीवर निळे डाग दिसायचे, कुठे लागलं ते तिला सांगता यायचं नाही. मुलगा म्हणाला, खेळते ती, लागणारच. सूनबाईने पिटुकलीला दवाखान्यात नेऊन रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट दोन-तीन दिवसांत मिळणार होता. घरात सगळे एकमेकांशी फार गोड बोलायला लागले होते.

पिटुकलीचा गणवेश आपण स्वतःच्या हाताने कापायचा, तिला त्या डोळ्यापुढे उभं करायचं नाही, असं काकूंनी कधीचं ठरवलं होतं. काकू कापायला काही कमी नव्हत्या. पण रिपोर्टची वाट बघणं माणसाला खातं. रक्त देऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळी पिटुकलीचे केस विंचरले, तिला स्वच्छ मोजे घातले आणि कारखान्यात घेऊन गेल्या. सूनबाईला म्हणाल्या, “माप देऊन आणते.” स्वतःलाही त्यांनी तेच सांगितलं.

पिटुकली पांढऱ्या भिंतीपुढे उभी राहिली. तिने डोळ्याला हात हलवून दाखवला.

“आजी, हा झोपतो कधी?”

“सरळ उभी राहा, राणी.”

काकू दाराशी उभ्या होत्या. हजारो पोरांची मापं त्यांनी बघितली होती, एक श्वास घेईपर्यंत पलीकडे कातरीचा आवाज यायचाच. आज त्यांचा श्वास घेऊन झाला, सोडून झाला, आवाज आला नाही. पिटुकलीने हात खाली केला. मग पलीकडे कापड सरकलं. खोलीत उजेड कमी असेल, काकूंनी मनाशी म्हटलं, आणि पिटुकलीला सोबत आलेल्या एका शेजारणीबरोबर घरी पाठवलं.

तुकडा त्यांच्या टेबलावर आला तेव्हा त्यांनी आधी डोळे मिटून त्यावर हात ठेवला. मग कडेपासून चाचपत वर गेल्या. मग डोळे उघडून बघितलं. निळी रेघ चांगली वर होती. चार बोटं.

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्या खरोखरच खुर्चीत बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. मग उठून तुकडा सगळ्या बायांना दाखवून आल्या. “बघा, आमच्या पिटुकलीला चार बोटं. ताडासारखी वाढणार आहे कार्टी.” बाया म्हणाल्या, आता आजीला स्टूल घेऊन वेणी घालावी लागणार. काकू इतक्या मोठ्याने हसल्या की प्रेसवाली मान वळवून बघायला लागली.

हा फ्रॉक शिवायला कुणाला द्यायचा नाही, आपणच शिवायचा, म्हणून त्यांनी तो खिडकीपाशी नेला आणि उजेडात पसरला. निळ्या रेघेवर दुमडायला घेतला. उजवं टोक बसलं. डावं टोक बसेना. कापड थोडं कमी पडत होतं.

त्यांनी तुकडा पुन्हा सपाट केला. उजव्या टोकाला उजव्या हाताची चार बोटं ठेवली. रेघेपासून कडेपर्यंत बरोबर बसली. डाव्या टोकाला डावा हात ठेवला. बारीक करंगळीसकट तोही बरोबर बसला.

मशीन वाकडं कापत नाही. दोन वर्षांत एक तुकडा वाकडा आला नव्हता. काकूंनी शेजारच्या गठ्ठ्यातला दुसरा फ्रॉक ओढला, तो सुताला सूत सरळ होता, दुमड पावणेतीन बोटं. तिसरा सरळ, साडेतीन. मग त्या फळीपाशी गेल्या आणि गेल्या दोन आठवड्यांतले शिवायला थांबलेले कपडे काढून एकेक उलटायला लागल्या. सगळे सरळ. फक्त दोन डावीकडे दोन दोरे अरुंद होते, एक पँट आणि एक फ्रॉक, आणि दोन्हींची दुमड चार बोटं. म्हणजे बिनदुमडीची पोरं संपली नव्हती.

काकू परत टेबलाशी आल्या. वरचा डोळा त्यांच्या हातांकडे बघत होता, नेहमी बघायचा तसाच. त्यांना त्याच्याकडे मान वर करून बघायचं धाडस होईना.

“काकू, बिघडलं वाटतं काहीतरी.” जावई मागे येऊन उभा होता, आज त्याची पाळी होती. त्याने फ्रॉक उचलून तिरपा धरला. “हे डावीकडे उतरतंय. असं कसं कापलं याने? थांबा, आजच नीट करून टाकतो.”

“राहू दे.”

“अहो, पण वाकडं आहे.”

“वाकडं नाही. बरोबर कापलंय.” काकूंनी फ्रॉक त्याच्या हातातून काढून घेतला आणि घडी केली. “तू त्याला काकू म्हण आता.”

जावई हसला. मग त्याने काकूंच्या तोंडाकडे बघितलं, त्यांच्या टेबलावरच्या हातांकडे बघितलं, डाव्या हाताच्या करंगळीकडे बघितलं, आणि त्याचं हसू गेलं. तो खुर्ची न पुसताच बसला.

काकूंनी तो फ्रॉक त्याच दिवशी शिवून पुरा केला. उसवून सरळ करता आला असता, त्यांनी केला नाही. शिवताना त्यांना राग यायला हवा होता आणि येतही होता, पण कुणावर काढावा ते कळत नव्हतं. दुसऱ्यांच्या आयांसाठी त्यांनी जे शिकवलं होतं, ते त्याने नीट शिकून घेतलं होतं. आज आई त्या स्वतः होत्या, एवढंच.

घरी आल्यावर सूनबाईने ओट्यावरून हात पुसत फ्रॉक घेतला. पिटुकली पलंगावर पडून पाय हलवत होती. सूनबाईने फ्रॉक अंगाला लावूनही बघितला नाही. सगळ्या आया करतात तेच तिने केलं, उलटा करून आधी दुमड बघितली.

“आई,” ती म्हणाली, “केवढी ठेवलीय.”

“चार बोटं,” काकू म्हणाल्या. “मशीनने ठेवलीय, मी नाही. झपाझप वाढणार आहे ती.”

सूनबाईचा चेहरा सैल झाला. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती मोकळं हसली, आणि फ्रॉक घेऊन पिटुकलीला दाखवायला गेली. काकूंनी सुईदोरा काढला आणि एक घट्ट बसलेलं बटण पुन्हा शिवायला घेतलं, म्हणजे मान वर करायला नको.

“उद्या रिपोर्टला मीही येते तुझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “सकाळीच जाऊ.”